मांडीवर थाप

अस्सल इंग्रज म्हातारा घरी आलेल्या पाहुण्याला 'आता निघा' म्हणत नाही. तो दोन्ही तळवे मांड्यांवर आपटतो आणि म्हणतो, "राइट!" तिकडच्या पाहुण्याला एवढं पुरतं. तो लगेच कोट शोधू लागतो.

हाच म्हातारा दाराबाहेर ऐकावा. वीज कंपनी बदला म्हणून गळ घालणाऱ्या विक्रेत्याला "स्लिंग युअर हुक!", कुंपणावर चढलेल्या पोरांना "हॉप इट!", आणि पबमध्ये फुकटचा सल्ला देणाऱ्याला "ऑन युअर बाइक!" ही शेवटची, म्हणजे 'सायकलवर बस आणि चालता हो', त्याची खास. 1981 साली ब्लॅकपूलला हुजूर पक्षाच्या अधिवेशनात रोजगारमंत्री नॉर्मन टेबिट यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली होती. 1930 च्या दशकात बेकार असताना वडिलांनी दंगल केली नाही, सायकल काढली आणि काम शोधत हिंडले. आमच्या म्हाताऱ्याचा कारखाना तेव्हा नुकताच बंद पडलेला. टेबिट यांचं नाव निघालं की तो अजूनही त्यांनाच सायकलवर बसवतो.

नातू "टेक अ हाइक" म्हणाला की मात्र नाक मुरडतो. माणूस हाकलायलासुद्धा अमेरिकन माल कशाला?

घरात मात्र ही सगळी शस्त्रं म्यान. आधी घड्याळाकडे नजर. मग "तुम्हाला उगाच अडकवून ठेवत नाही", म्हणजे मला सोडा. मग कुत्र्याला फिरवून आणायची आठवण. (कुत्रं गाढ झोपलेलं असतं.) त्यानंतर थाप, आणि तीही वाया गेली तर एक लांबलचक "वेऽऽल".

शेजारच्या आमच्या मराठी मावशींपुढे यातलं काही चालत नाही. "राइट!" ऐकून त्या म्हणतात, "मी तेच म्हणते!" आणि चकलीचा डबा पुढे करतात. म्हातारा हताश होऊन एक चकली घेतो. मग दुसरी घेतो. कुत्रंही उठून येतं. आपण एकदा 'येते हं' म्हणालो की दारात तासभर बोलायचा परवाना मिळतो, हे म्हाताऱ्याला कुणी सांगितलेलं नाही.

तिकडे कुणाकडे चहाला गेलात, तर एवढं पाहा: "अजून एक कप?" विचारताना यजमानाने किटलीचं बटण दाबलं नसेल, तर 'नको' म्हणा आणि बूट शोधा.