शीळफाट्यावर लॅपटॉप पारखण्याची प्राथमिक कृती

हलका लॅपटॉप दुकानात पारखू नये. तिथे टेबल असतं, एसी असतो, स्क्रीनवर अशक्य रंगांचं मोरपीस असतं आणि विक्रेता ‘एका बोटावर उचलून बघा सर’ म्हणत असतो. आपल्याला गोवर्धन उचलायचा नाहीये. लॅपटॉप रोज डोंबिवलीहून महाप्याला न्यायचाय. मध्ये शीळफाटा आहे. चाचणी तिथेच घ्यावी.

नवख्यांसाठी प्रयोगशाळेची ओळख. कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महाप्याकडचे रस्ते इथे भेटतात आणि लवकर निरोप घेत नाहीत. न्हावा-शेव्याचे कंटेनर मुंब्रा बायपास गाठायला इथूनच वळतात, पलावातून निघालेल्या गाड्या त्यांच्या मागे उभ्या राहतात. बुलेट ट्रेनचा बीकेसीहून सुटणारा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातले 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून काढून, शीळफाट्याजवळच उजेडात येतो. ताशी 320 किलोमीटरची गाडी जिथे डोकं वर काढणार, तिथे आपली बस इंजिन बंद करून उभी असते. प्रयोगाला इतकी स्थिर जागा दुसरी मिळणार नाही.

आधी वजन. 2008 च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्झने मॅकबुक एअर कागदी पाकिटातून काढून दाखवला, वजन 1.36 किलो. त्या पाकिटात चार्जर नव्हता, हे टाळ्यांच्या गडगडाटात राहून गेलं. कंपन्या आजही चार्जर न धरताच वजन छापतात. म्हणून लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली आणि छत्री असं सगळं बॅगेत भरून बॅग छातीशी धरा आणि कटाई नाक्यावर उभ्यानेच बसमध्ये चढा. खिडकाळीपर्यंत हात बदलावासा वाटला नाही तर लॅपटॉप खरंच हलका. फोनही त्याच टाइप-सी चार्जरवर चालत असेल तर एक चार्जर घरी राहील. हा फायदा जाहिरातीतल्या शंभर ग्रॅमपेक्षा मोठा.

जागा मिळाली तर सकाळी डावीकडच्या खिडकीशी बसा. ऊन त्या बाजूने येतं. 250 निट्सच्या चकचकीत स्क्रीनवर या उन्हात फक्त स्वतःचा चेहरा दिसतो, तोही दमलेला. 400 निट्स आणि मॅट स्क्रीन असेल तर एक्सेल वाचता येतं. शेजारच्या काकांनाही येतं. सातव्या ओळीतला फॉर्म्युला चुकलाय असं ते म्हणाले, तर स्क्रीन उत्तीर्ण.

आता पुढचा प्रवासी सीट मागे टेकवेल. विनंती करू नका, हा चाचणीचाच भाग आहे. बिजागर किती मागे वळतं आणि 14 इंची झाकण गुडघ्यांच्या वर मावतं का, हे त्याच क्षणी कळतं. शेअर रिक्षात लॅपटॉप उघडू इच्छिणाऱ्यांनी आधी घरच्यांशी बोलावं.

बॅटरीबाबत विशेष दक्षता. खोक्यावरचे ‘18 तास’ बहुतेकदा मंद उजेडात एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालवून मोजलेले असतात. आपल्याकडे हॉटस्पॉट, व्हीपीएन आणि कॅमेरा चालू ठेवायला सांगणारा मॅनेजर असतो. म्हणून बॅटरी तासांत न मोजता फाट्यांत मोजावी. एक फाटा म्हणजे कटाई नाका ते महापे. हे एकक पावसाळ्यात प्रसरण पावतं, तेव्हा जुलैचं माप धरा. माहितीपत्रकात बॅटरीचे वॉट-अवर दिलेले असतात. पन्नासच्या पुढे असतील तर जाऊन-येऊन दोन फाटे निघावेत. चाळिशीच्या आत असतील तर परतीला खिडकीबाहेर बघण्याची सवय करा.

झोपेची चाचणी कोणी करत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगतो. कटाईला झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत ठेवा, महाप्याला उघडा. डबा कोमट झाला असेल तर लॅपटॉप झोपलाच नव्हता. आत बसून अपडेट उतरवत होता. असा लॅपटॉप परत करावा, भाजी कितीही चांगली लागली तरी.

माइक तपासायला मित्राला फोन लावा आणि मागच्या ट्रेलरच्या हॉर्नची वाट पाहा. फार वाट पाहावी लागत नाही. मित्राने ‘कुठे आहेस?’ विचारलं तर माइक बरा. ‘शीळफाट्यावर ना?’ असं विचारलं तर नापास.

रॅम हलक्या यंत्रांत बहुधा बोर्डालाच डकवलेली असते. नंतर वाढवता येत नाही, म्हणून 16 जीबी आत्ताच घ्या.

प्रयोगाच्या दिवशी फाटा मोकळा मिळाला आणि बस थेट महाप्याला लागली, तर निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. बहुधा ती 15 ऑगस्टची सकाळ असेल आणि ऑफिसही बंद असेल. पुढच्या कामाच्या दिवशी, पूर्ण चार्ज करून, पुन्हा निघावं.