यामागे स्ट्रॉबेरीचा हात

करवंदावरील अन्यायाचा छडा लावल्याबद्दल आमच्या कट्ट्यावरील अभ्यासकांचे जाहीर अभिनंदन! महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच डोंगरात तिच्या कितीतरी आधीपासून काटे सांभाळत उभ्या असलेल्या करवंदीच्या जाळीला कोणी विचारलेही नाही. आणखी कसला पुरावा हवा?

स्ट्रॉबेरी बिया बाहेर मिरवते, म्हणजे आत काहीतरी नक्कीच दडवते. २०१७ मध्ये भिलारला पुस्तकांचे गाव केले, तेही पर्यटकांच्या माना पुस्तकात राहाव्यात आणि शेताकडे वळू नयेत म्हणूनच. (भिलारमध्ये स्ट्रॉबेरीच पिकते, हा योगायोग फक्त भोळ्यांसाठी.)

करवंदपक्षही काही गाफील नाही. त्याचा चीक साक्षीदाराचे ओठ चिकटवून टाकतो. 'कोंबडा की कोंबडी?' असे विचारून पोरे करवंद चावतात आणि आतला गर लाल की पांढरा ते पाहतात. हा खेळ नव्हे, परवलीची देवाणघेवाण आहे. जांभूळ तर सभासदाच्या जिभेवर उघड शिक्काच मारते.

अखेर चौकशी समिती नेमली. तिने वनस्पतिशास्त्र उघडले आणि घाम फुटला. शास्त्राच्या व्याख्येत स्ट्रॉबेरी ही बेरीच नाही. करवंद आहे, टोमॅटो आहे, आणि वांगेही आहे. अहवाल त्याच दुपारी गुंडाळण्यात आला.

समितीच्या जेवणात त्या दिवशी भरली वांगी होती. सदस्यांनी दोनदा वाढून घेतली, असे आतल्या गोटातून कळते.