सहर्ष स्वा

भिवंडीत माणसाचं वजन दोन गोष्टींवर ठरतं: घरचे माग किती आणि नाक्यावर बॅनर किती. माझ्याकडे माग नाहीत, कारण वडील शिक्षक होते. आणि बॅनर नाही, कारण मी कशाचाच ‘भावी’ नाही. कल्याण नाक्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत नुसतं चालत जा, भावी नगरसेवक, भावी आमदार, कशाचे ते न लिहिलेले नुसतेच भावी, आणि त्यांच्या पायाशी छोट्या छोट्या गोलांत ‘शुभेच्छुक’ म्हणून दाटीवाटीने उभी असलेली तरुण मंडळी, असे सगळे तुम्हाला हात जोडून भेटतील. त्या शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या गोलातही आपण कधी नव्हतो, याची मला अजिबात खंत नाही, असं मी घरी अधूनमधून सांगत असतो. ही ऐकून घेते आणि भाजी निवडते.

तर गेल्या गणपतीच्या आधी आमच्या आळीच्या मंडळाने मीटिंगला वडीलधारा म्हणून मला बोलावलं, म्हणजे वर्गणीसाठी. स्वागताच्या फ्लेक्सचा विषय निघाला आणि का कोण जाणे, मी उठून उभा राहिलो. म्हटलं, पोरांनो, 1982 च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या मागे मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले, गिरण्या थंडावल्या आणि तिथलं कितीतरी काम आपल्या मागांवर आलं. असं हे देशाला कापड पुरवणारं आपलं गाव, आणि इथे बाप्पाच्या स्वागताला पीव्हीसीचा तुकडा? एवढ्यावर बसायला हवं होतं. पण तिथून मी कोल्हापूरला गेलो. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम वगैरे मंडळींनी 1929 साली ‘प्रभात’ उभी केली, म्हणजे सिनेमातली ही मोठमोठी बॅनरं मुळात कापडावर ब्रश फिरवणाऱ्या हातांनी काढली, आणि एम. एफ. हुसेनसुद्धा एके काळी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते, हे सगळं मी हात हलवत सांगितलं. पोरं शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, भारावली.

अध्यक्ष म्हणाला, “काका, मग तुम्हीच रंगवा.”

मेहुण्याचे नारपोलीत माग आहेत. त्याने ग्रे कापडाचा ऐसपैस तुकडा फाडून दिला आणि म्हणाला, “भाऊजी, खळ आहे हां याला, आधी धुऊन घ्या.” घरी आल्यावर हीसुद्धा तेच म्हणाली. माग चालताना ताण्याचा धागा तुटू नये म्हणून साइझिंगमध्ये त्याला खळ देतात, आणि ती काढल्याशिवाय कापड नीट रंग धरत नाही, हे भिवंडीतलं शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होतो, पण ते दुसऱ्यांना सांगण्यापुरतं. शिवाय न धुतलेलं कापड छान ताठ होतं, आणि ताठ कापडावर ब्रश सरळ चालेल हा माझा स्वतःचा शोध होता.

पूर्वी बॅनर रंगवणारे आमच्या ओळखीचे एक पेंटर आता गाड्यांच्या नंबरप्लेटवर रेडियम चिकटवतात. त्यांनी सल्ला दिला: खडूची दोरी मारून रेघा आखा, अक्षरं मोजून मधून सुरुवात करा, आणि वारा जायला कापडात जागोजागी अर्धचंद्र कापा. दोरी सापडली नाही. मधून सुरुवात कशी करतात ते विचारायची लाज वाटली. आणि मेहुण्याच्या चांगल्या कापडाला कात्री लावायची म्हणजे सासरी जन्मभर ऐकून घ्यायची तयारी हवी.

‘श्री’ मात्र इतका देखणा उतरला की त्यानेच पाव कापड घेतलं. मग अक्षरं जरा बारीक करत, मग बरीच बारीक करत, मग श्वास रोखून मी ‘श्री गणेशभक्तांचे सहर्ष स्वा’पर्यंत पोचलो आणि कापड संपलं. उरलेली दोन अक्षरं खाली उजव्या कोपऱ्यात बसवली. दुसऱ्या दिवशी बॅनर चढला आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण मान वर करून विचारू लागला, “ही गत कुणाची?”

माझीच.

बॅनरचं एक टोक आमच्या गॅलरीच्या गजाला होतं आणि दुसरं समोरच्या वहिनींच्या शेवग्याला. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला, बिनभोकाचं ते कापड शिडासारखं फुगलं, गज आमचाच असल्यामुळे टिकला, शेवग्याची फांदी कडाडली, वहिनी बाहेर आल्या, आणि त्या शेंगांची आमटी गौरींच्या जेवणाला होणार होती हे त्यांनी मला मोठ्या आवाजात सांगेपर्यंत पाऊसही आला. खळ सुटली, खळीबरोबर रंग सुटला, आणि आरतीला पांढरे सदरे घालून आलेल्या भक्तांचं सहर्ष निळं स्वागत झालं. रात्री लोंबणारा कोपरा बकऱ्यांच्या तोंडाशी आला. खळ बकऱ्यांना आवडते, ही माहिती मला नवी होती. सकाळी ‘गत’ नव्हती.

मालमत्तेचं विद्रूपण करणाऱ्याला 1995 च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अध्यक्षाने रीतसर परवानगी काढून ठेवली होती, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय.

दुपारपर्यंत फ्लेक्स आला. पोरं मोठ्या मनाची. चौरस फुटाच्या दरातच बसतंय म्हणून त्यांनी माझाही फोटो टाकला, खाली ‘संकल्पना : काका’. मंडळाच्या कागदपत्रांत माझं आधार कार्ड होतं, तिथून तो उचललेला. नुकतीच घरी चोरी झाल्यासारखा, किंवा मीच ती केल्यासारखा चेहरा. फ्लेक्स वाईटच, पर्यावरणाची हानी होते, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि विसर्जन होईपर्यंत घरातलं सगळं वाणसामान एकेक जिन्नस करून त्याच गल्लीतून आणलं. “जिरं आणलंत, आता मोहरीला जा,” ही म्हणायची.

फ्लेक्स कुजत नाही, पाणी धरत नाही, त्यामुळे उतरवल्यावर त्याला खरी मागणी येते: कुणाच्या पत्र्यावर, कुणाच्या टेम्पोवर. आमचा एका वडापाववाल्याने नेला आणि गाडीवर छपरासारखा ताणला, छापील बाजू खाली करून, म्हणजे मी बरोबर कढईच्या वर आलो. तेव्हा कधी कल्याण नाक्याच्या बाजूला वडापाव खायला थांबलात तर खुशाल खा, सुकी चटणी जास्तीची मागून घ्या, पण कृपा करून वर बघू नका.