हवेशीर आधार

कांदा कसा साठवावा, हे देवळ्याच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. चाळीला फटी हव्यात, खालून-बाजूने वारा खेळायला हवा. कोंडला की माल सडलाच. हे शास्त्र उमराण्याच्या मार्केटातून थेट दिल्लीला पोचले असावे. आमचे आधार क्रमांकही सरकारने असेच हवेशीर ठेवले होते.

साल 2022. पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता हवा असेल तर ई-केवायसी करा, असा हुकूम सुटला. मंडळी सीएससीवर, म्हणजे सामायिक सेवा केंद्रावर, रांगेत. खुरपे धरून झिजलेला अंगठा यंत्राला काही पटेना. ‘आप्पा, बोट पुसा. दुसरं ठेवा. सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ इकडे आप्पा आपण आप्पाच आहोत हे सिद्ध करत होते, आणि तिकडे त्याच योजनेच्या संकेतस्थळावरून 11 कोटींहून अधिक शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. तिथे ना अंगठा, ना ओटीपी, ना रांग. अतुल नायर या सुरक्षा संशोधकाने 29 जानेवारीला सरकारी यंत्रणेला हे कळवले. फट बुजली 28 मे रोजी. तेवढ्यात जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा काढून चाळीतही गेला.

आधारची माहिती 13 फूट उंच, 5 फूट जाड भिंतीआड आहे, असे ॲटर्नी जनरलनी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. भिंत असेलही. पण तोच क्रमांक खत, विमा, अनुदान अशा प्रत्येक खिडकीवर द्यायचा म्हटल्यावर भिंत राखते काय? आता तर शेतकरी ओळख क्रमांकात आधार आणि सातबारा एकाच दावणीला बांधलेत.

घाबरू नका, 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय. माहिती सांभाळली नाही तर 250 कोटींपर्यंत दंड. तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली, त्याला भरपाई म्हणून या कायद्यात एक रुपयाही नाही. उलट त्याने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली, तर त्यालाच 10 हजारांपर्यंत दंड. क्षुल्लक कोणती, हे ठरवणार सरकारनेच नेमलेले मंडळ.

तेव्हा आप्पा, तक्रार जरूर करा. फक्त आधी हिशेब मांडा: 10 हजार म्हणजे पीएम-किसानचे पाच हप्ते.