मधल्या बटणाचा खर्च

युनिक्सच्या संगणकावर चित्र बघायचं तर आधी पानंच्या पानं अक्षरं टंकावी लागत. ते चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे एक्स विंडो सिस्टीम. १९८४ साली अमेरिकेत एमआयटीत जन्मलं, १९८७ साली अकराव्या आवृत्तीला पोचलं आणि तिथंच राहिलं. आजही त्याला एक्स-इलेव्हनच म्हणतात. अकरावीत इतकी वर्षं काढून नाव कमावलेलं दुसरं कार्टं माझ्या पाहण्यात नाही.

मी शहरातल्या एका कॉलेजात स्टोअर सांभाळत होतो. शहर तेव्हा औरंगाबाद होतं, शतक नुकतंच उलटलं होतं. कॉम्प्युटरच्या सरांनी टेबलावर यादी ठेवली: एक्सफ्री-८६, म्हणजे साध्या पीसीवर चालणारं एक्स, बसवण्याच्या पूर्वअटी.

"किंमत किती, सर?"

"फुकट आहे."

मी पेन खाली ठेवलं. अनुदानित कॉलेजात फुकटची वस्तू घेण्याइतकं अवघड काही नसतं. तीन कोटेशनं लागतात, आणि शून्य रुपयांहून कमी दर भरायला गुलमंडीवरचा व्यापारीही तयार होत नाही.

यादीतल्या मेमरीचं, डिस्कवरच्या मोकळ्या जागेचं मला काही कळलं नाही. पण ही लायब्ररी हवी तर आधी ती हवी, तिच्यासाठी आणखी तिसरी हवी, हे एका वाचनात उमगलं. दाखल्यासाठी दाखला आणि त्या दाखल्यासाठी पहिलाच दाखला, असं करत आम्ही तहसीलच्या पायऱ्यांवरच मोठे झालो होतो.

खरा पेच मॉनिटरचा. आपला मॉनिटर आडव्या रेषा किती किलोहर्ट्झने ओढतो, पडदा सेकंदाला किती वेळा रंगवतो, हे एका फाइलीत स्वहस्ते लिहायचं. आकडा भलता पडला तर मॉनिटर कामातून जाऊ शकतो, असा इशारा सूचनांतच होता. आकडे पुस्तिकेत, पुस्तिका कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते भाऊसाहेब कन्नडच्या शाखेत बदलून गेलेले. किल्ली एसटीच्या कंडक्टरबरोबर आली. आत पुस्तिका होती, पण कूलरची. शेवटी सरांनी साध्या व्हीजीएचे ३१.५ किलोहर्ट्झ आणि ६० हर्ट्झ हे सगळ्यात गरीब आकडे लिहून टाकले.

वीज मात्र यादीत नव्हती. एमआयटीतल्या मंडळींना मराठवाड्याचं भारनियमन सुचणार तरी कुठून!

दुपारी वीज आल्यावर प्राचार्यांसमोर एक्स सुरू झालं. पडदाभर राखाडी जाळी, मधोमध काळी फुली.

"नापास?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही सर, सुरू झालं की!"

खरंच झालं होतं. एक्स फक्त पडदा, कीबोर्ड आणि माऊस सांभाळतं. खिडक्यांना चौकट देणं, त्या हलवणं, हे विंडो मॅनेजर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामचं काम, आणि तो निराळा बसवायचा. साधन आम्ही देऊ, दिसावं कसं ते तुम्ही ठरवा, असं एक्स करणाऱ्यांचं धोरण. प्राचार्य हरखले. आमच्या संस्थेचे अध्यक्ष साधन काही देत नसत, दिसावं कसं ते मात्र ठरवत.

पुढं पोरांनी झुरळं सोडली. एक्समध्ये एका संगणकावरचा प्रोग्राम दुसऱ्याच्या पडद्यावर उमटवता येतो. दुसऱ्याची परवानगी लागते एवढंच. सरांनी वैतागून ती सगळ्यांनाच देऊन ठेवली होती. एक्सरोच नावाचा प्रोग्राम खरोखरच आहे: झुरळं खिडक्यांखाली दडतात, खिडकी सरकवली की सैरावैरा पळतात. शिपाईमामा फवारणीचा पंप घेऊन आले. त्यांना अडवायला दोघं लागले.

विकत घ्यावा लागला तो एकटा तीन बटणांचा माऊस. एक्समध्ये मजकूर नुसता निवडायचा आणि मधलं बटण दाबायचं, की तो हवा तिथं उमटतो. दोन बटणांच्या माऊसवरही भागतं, दोन्ही एकदम दाबायची. त्यासाठी फाइलीत एक ओळ पुरते. हे सर मला बोलले नव्हते. लेखापरीक्षकांच्या कानावर मात्र कुणीतरी घातलं होतं.

"दोहोंत भागत असता तिसऱ्या बटणाचा खर्च कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

मी डेडस्टॉक रजिस्टर पुढं केलं. साहेबांना ते बटण चालताना बघायचं होतं. सरांनी त्यांचाच आक्षेप पडद्यावर टंकला, निवडला आणि मधलं बटण दाबलं. खाली तोच आक्षेप पुन्हा उमटला.

साहेबांनी चष्मा पुसला आणि दोन्ही आक्षेप वहीत उतरवून घेतले.