तात्या आणि अबोल पाखरू

तात्यांनी पक्षी फारसे पाहिलेले नाहीत. ऐकलेत मात्र पुष्कळ. फणसवाडीत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दिसणार तरी काय? कावळे, कबुतरं, वर एखादी घार. म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी कान कामाला लावले. सलीम अली लहानाचे मोठे झाले ते पलीकडच्या खेतवाडीत, हे तात्या अशा थाटात सांगतात की वाटावं, दोघांनी एकाच नळावर बादल्या लावल्या होत्या.

आधी कॅसेट होती. ती त्यांनी इतकी घोटली की आवाजांबरोबर क्रमही पाठ झाला. कमला नेहरू पार्कात तांबट ‘टुक् टुक्’ करू लागला की हे पावशाची वाट बघत उभे, कारण कॅसेटमध्ये पुढचा पावशा होता. नाही आला, तर चूक पावशाची.

आता मोबाइलवर जगभरचे आवाज मिळतात. ‘‘पहिलं रेकॉर्डिंग १८८९ सालचं. लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या जर्मन पोराने केलेलं. आणि पक्षी कुठला? शामा! आपल्या सह्याद्रीतला!’’ पोराचं कौतुक तिथेच संपतं.

एकदा त्यांनी मला धावत बोलावलं. ‘‘ऐक, तांबट! मिनिटाला शंभरावर ठोके, मी मोजलेत.’’ खाली प्लंबर पाइप ठोकत होता.

मार्चमधली गोष्ट. पहाटे साडेपाचला ताडून बघायला म्हणून त्यांनी गॅलरीत कोकिळाचं रेकॉर्डिंग लावलं. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटून पिंपळावरचा खरा कोकीळ पेटला. अर्धा तास जुगलबंदी. चाळ जागी. विणीच्या दिवसांत असं वाजवून पाखरांना छळू नये, हे जाणकार सांगतात. तात्यांना ते शेजाऱ्यांनी सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत. तरी तात्या समजावत होते, ‘‘कुहू करतो तो नर. मादी नुसती किक् किक् करते.’’

‘‘आमच्याकडेही तसंच,’’ काकू आतून म्हणाल्या.

परवा कपड्यांच्या दोरीवर एक पाखरू येऊन बसलं. काळंपांढरं, शेपटी ताठ उभी. दयाळ, मलासुद्धा कळलं. ‘‘तात्या, हा कोण?’’

तात्यांनी डोळे मिटले. ‘‘थांब. तोंड उघडू दे.’’

पाखराने मान वाकडी करून तात्यांकडे पाहिलं, दोरीवर शिटलं आणि उडून गेलं. तात्यांनी वहीत तारीख घातली आणि लिहिलं : ‘एक. अबोल.’