विचार करून कळवतो

लग्नं जमवणाऱ्या मध्यस्थ काकांना ज्योतिषातलं ओ की ठो कळत नाही, तरी पत्रिकेचे खरे जाणकार तेच. मुलाकडून 'एकनाड निघाली' असा निरोप आला की ते पंचांग उघडत नाहीत. पोहे खाताना मुलाची आई किती वेळ गप्प होती, ते आठवू लागतात. पत्रिका तर आधीच पाहिलेली असते. 36 पैकी निम्म्याहून अधिक गुण जुळले, म्हणूनच मंडळी बघायला आली. एकट्या नाडीला 8 गुण. एकनाड असती तर तेव्हाच दिसली असती. 'मुलीला पुढं शिकायचंय' याचा अर्थ मुलाचा पगार. 'घरात विचार करून कळवतो' याचा अर्थ विचार दारातून बाहेर पडतानाच झाला. आणि 'आम्हाला काही नको, तुमच्या हौसेनं करा' हे ऐकलं की काका मुलीच्या वडिलांना आधी खुर्चीवर बसवतात. 1961 पासून हुंडा मागणं गुन्हा आहे, त्यामुळे या वाक्यात मागणीचा एक शब्दही सापडायचा नाही.

सरळ 'नाही' म्हणायला काय होतं, असं स्पष्टवक्ते विचारतात. पण 'नाही'मागोमाग 'का' येतं, आणि त्याचं उत्तर बहुधा मुलीच्या रंगावर नाहीतर उंचीवर जाऊन आदळतं. ते तिनं कशाला ऐकून घ्यायचं? नक्षत्रांवर खापर फोडलं तर ती कुणाच्या दारात भांडायला येत नाहीत. ही फसवणूक म्हणावी, तर फसतं कोण? दोन्ही घरांना सगळं कळलेलं असतं. 'सूर्य मावळला' एवढ्या एका वाक्यातून कुणी गुरं परत आणायची वेळ झाली असं समजतो, कुणी प्रियकराला भेटायची, हे मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त दाखवलं आहे. काकांनी मम्मट वाचलेला नसतो, पण मावळलेलं स्थळ त्यांना लांबून ओळखू येतं.

खरी अडचण वेगळीच आहे. कधी कधी खरोखरच एकनाड असते. आधी पाहिलेल्या पत्रिकेत जन्मवेळ चुकलेली असते, मुलाकडचे कळवळून सांगतात, ज्योतिष्याचा कागदही पाठवतात. आणि एवढं पटवून देतायत त्या अर्थी दुसरं स्थळ पाहिलंय, असं काका मनाशी पक्कं करतात. अर्थ काढायची सवय लागलेल्याला साधं वाक्य ऐकू येत नाही, हा आक्षेप मान्यच करायला हवा. त्यावर मुरलेल्या काकांकडे एक कसोटी मात्र असते. ते म्हणतात, 'शांत करून घेऊ, खर्च मुलीकडचा.' एकनाड खरी असेल तर समोरचे तारीख विचारतात. नसेल तर त्यांना त्याच संध्याकाळी मंगळही सापडतो.